हिरव्या इंजिनाचा निळा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर कुठला, असं काउंटरवर विचारलं की माणूस रंग सांगतो. "निळा हाय." संपलं! जगात निळा ट्रॅक्टर एकच, आणि तो ह्यांच्या अंगणात. मी विचारतो, सिलिंडर किती? तो म्हणतो, "काका, चिखलात एक नंबर चालतो." मी विचारतो, इंजिनाचा नंबर? तो म्हणतो, "कागद बायकोच्या कपाटात हाय." आता ह्या माणसाला हेडचं गॅस्केट द्यायचं, ते बरोबर बसलं पाहिजे, आणि त्याची गावची एसटी चुकायच्या आत द्यायचं.

भिवंडीत वंजारपट्टी नाक्याच्या पुढे आमचं जुन्या ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा होतो. हल्ली भाचा बघतो. मी सकाळी दोन तास जातो, त्याच्या कामात खोड्या काढतो आणि जेवायला घरी येतो. बाहेरच्या लोकांना भिवंडी म्हणजे लूमचा खडखडाट आणि गोदामं एवढंच ठाऊक. पण दिघाशीकडे जा, गणेशपुरीकडे जा, अजून भात लावतात. आणि त्या भाताच्या चिखलात असे ट्रॅक्टर फिरतात, ज्यांचं मॉडेल कंपनीसुद्धा विसरली आहे. त्यांचा पार्ट कुठेच मिळाला नाही की लोक आमची पायरी चढतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकाने फुटलेला पिस्टन पेढ्यांच्या बॉक्समध्ये घालून माझ्या घरी दिला. बायकोने तो बॉक्स भक्तिभावाने देवापुढे ठेवला आणि संध्याकाळी उघडल्यावर मला जे काही बोलली ते इथे लिहीत नाही. दुसऱ्याने मोबाईलवर फोटो पाठवला, "काका, ह्याचे नोझल पाठवा." फोटोत तो स्वतः ट्रॅक्टरवर बसलेला, डोळ्यांना गॉगल. मी त्याला कळवलं, गॉगल छान दिसतोय, इंजिन तुझ्या मांडीमागे आहे, मांडी काढ.

ह्या धंद्यातली पहिली गोष्ट ही, की बॉनेटवर विश्वास ठेवायचा नाही. बॉनेट म्हणजे अंगातला सदरा. आत माणूस कोण आहे ते सदरा सांगत नाही. मूळ इंजिन फुटलं की शेतकरी मिळेल ते इंजिन टाकतो, आणि आमच्या भिवंडीत तर विचारूच नका. लाईट जायची तेव्हा लूमवाल्यांनी ट्रॅक्टरची इंजिनं काढून जनरेटर चालवले आणि पुढे लाईट राहायला लागल्यावर शेतकऱ्यांनी जनरेटरची इंजिनं काढून ट्रॅक्टरमध्ये घातली. म्हणून जुना पार्ट हातात घेऊन बघायचा, मापायचा, मगच नवा द्यायचा. आता आमच्या दुकानात पाटी आहे, माझ्याच हातची: "जुना नमुना दाखवल्याशिवाय पार्ट मिळणार नाही." ही पाटी गेल्या वर्षी लागली. त्याआधीची एकूणचाळीस वर्षं पाटी नव्हती, कारण मला सगळं तोंडपाठ होतं. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी श्रावण संपत आला होता तेव्हा दिघाशीचा हर्षल पाटील दुकानात आला. पस्तिशीचा पोरगा, जवळच्या वळ गावातल्या गोदामांना ह्याचे टेम्पो लागतात. म्हणाला, "काका, आजोबांचा ट्रॅक्टर दसऱ्याला चालू झाला पाहिजे. ह्या वर्षी पूजा त्याचीच करायची."

"बंद कधीपासून आहे?"

"मी दोन-तीन वर्षांचा असेन तेव्हापासून."

"आणि तो तुला महिन्याभरात चालू करून पाहिजे. कुठला ट्रॅक्टर?"

"निळा."

बघा! पण त्याचे आजोबा नारायणशेठ आमचं जुनं गिऱ्हाईक, माणूस दिलदार, आणि तो ट्रॅक्टर विलायती घराण्यातला होता हे मला आठवत होतं. असं इंजिन पुन्हा बघायला मिळणार म्हटल्यावर माझे गुडघे दुखायचे थांबले. दुसऱ्या दिवशी मी हर्षलच्या गाडीत होतो.

घरामागच्या पडवीत पेंढा, मोडकी खाट आणि फुटक्या कौलांच्या ढिगामागे तो उभा होता. चारही टायर बसलेले. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि हर्षलच्या आईने बजावलं, "तिला उठवू न्हका हां, पिल्लं निघायची हायत." म्हणून पहिला दिवस मी ट्रॅक्टरचा फक्त पुढचा अर्धा भाग बघितला. कोंबडी माझ्याकडे बघत होती, मी इंजिनाकडे.

तेवढ्यात पडवीच्या तोंडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. सत्तरीचा, काटकुळा, वॉचमनची खाकी पँट आणि वर घरचा बनियन. हर्षल हसून म्हणाला, "काका, हे आपले सुका पांडू. आजोबांचे ड्रायव्हर. ह्यांनीच इंजिन सुकं चालवून जाळलं." तो माणूसही हसला. वर्षानुवर्षं तीच मस्करी ऐकून लागतं ते सवयीचं हसू. हर्षल चहा सांगायला आत गेला तेव्हा तो जवळ आला.

"शेठ, इंजिन खोलनार ना?"

"खोलावंच लागेल, पांडूदादा."

"मंग येक बघा. त्यो कशानं गेला ते बघा. मी तेल घातलं व्हतं. त्या सकाली तेल मापायची पट्टी काढून बघितलं व्हतं. जाम झाला तवा समद्यांना पट्टी दावली, तर बोलले, मागून वतलंस." त्याने घराकडे हात केला. "नारायणशेठ गेले. माझा बाबा गेला, त्याला वाटायचं पोरानं शेठचं नुकसान केलं. आय तेवढी उरली हाय, नव्वदीची. ती हाय तवर कळलं तर बरं."

"आणि तुझीच चूक निघाली तर?"

"तरी सांगा," तो म्हणाला. "म्हंजी मी बी इचार करायचा थांबंन."

चहा पिताना हर्षलकडून बाकीचं कळलं. त्या प्रकारानंतर पांडूच्या हातात कोणी स्टिअरिंग दिलं नाही. ना ट्रॅक्टरचं, ना टेम्पोचं. वळ गावच्या एका गोदामात तो वॉचमन म्हणून लागला. तिथे माल उचलायची गाडी आली तेव्हा शिकायला म्हणून ह्याने नाव दिलं. सुपरवायझर जवळच्याच गावचा निघाला. म्हणाला, कोण, सुका पांडू? नको रे बाबा. हर्षल हे सांगताना हसत होता, त्याला त्यात वाईट काही वाटत नव्हतं. मीही थोडा हसलो, हे कबूल करतो.

कोंबडीची पिल्लं निघाली आणि कामाला लागलो. पहिला प्रश्न, इंजिन कोणतं? इंजिनावर नंबराची पत्र्याची पट्टी असते, ती गायब, फक्त रिव्हेटची दोन भोकं. पट्टी नसली तर ब्लॉकच्या अंगावर ओतीव आकडे असतात, कारखान्यात लोखंड ओततानाच उमटलेले. ते कोणी चोरू शकत नाही. पण आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर धुवून त्याला ब्रशने रंग देतात. चाकांना, बॉनेटला आणि उरलेला चंदेरी रंग डब्यात कशाला ठेवायचा म्हणून इंजिनालासुद्धा. वर्षाला एक थर. आकडे त्या थरांखाली पुरलेले. माझ्या मदतीला म्हणून हर्षल हौसेने ग्राइंडर घेऊन आला. मी असा ओरडलो की आतून त्याची आई धावत आली. "ग्राइंडर लावशील तर हात मोडीन! एका मिनिटात आकडे साफ होतील आणि मग बस आयुष्यभर निळा, निळा करत."

मी ब्लेड आणि रॉकेलचा बोळा घेऊन बसलो. चंदेरी थर, खाली चंदेरी, त्याखालीही चंदेरी. दोन थरांच्या मध्ये एका ठिकाणी सुकलेलं कुंकू निघालं. कुठल्या तरी वर्षी कोणीतरी लावलेलं बोट, वरून रंग बसल्यामुळे तसंच लालभडक राहिलेलं. मी बोळा बाजूला ठेवून ते बघत बसलो. हर्षलच्या आईला दाखवलं, तर ती म्हणाली, "सासूबाईंचा हात असंल." तेवढा चौकोन आम्ही खरवडला नाही. अजून तसाच आहे.

त्याखाली निळा रंग लागला. पण त्यावर ब्रशचे केस उठलेले, म्हणजे हा गावात लावलेला. कारखान्याचा रंग फवाऱ्याचा, सपाट असतो. अजून खाली गेलो आणि सगळ्यात तळाला सपाट, गुळगुळीत, घट्ट बसलेला रंग मिळाला. तो होता हिरवा! निळ्या ट्रॅक्टरच्या पोटात हिरवं इंजिन! आईशप्पथ सांगतो, साठी उलटल्यावर इतका आनंद कशाचा झाला नव्हता. मी उठून नाचायचाच राहिलो होतो. मग आकड्यांवर कागद धरला, वरून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा कागदावर उमटला. घरी येऊन जुनी कॅटलॉगं काढली. त्यांना वाळवी लागू नये म्हणून मी त्यात कडुनिंबाचा पाला ठेवतो आणि त्यावरून बायको मला टोमणे मारते. दोन संध्याकाळी शोधल्यावर सापडलं. इंजिन त्याच घराण्यातलं, तेवढ्याच ताकदीचं, बाहेरून जुळ्या भावासारखं. पण ट्रॅक्टरसाठी नाही, जनरेटरसाठी ओतलेलं.

दुसऱ्या दिवशी पांडूला विचारलं, "दादा, ह्यातलं इंजिन बदललेलं आहे, तुला ठाऊक होतं?"

"ठाव हाय," तो म्हणाला. "पयलं फुटलं तवा शेठनी भिवंडीच्या येका लूमवाल्याकडून आनलं व्हतं." एवढंच बोलून तो ड्युटीवर गेला. माझ्या डोक्यात तेव्हा कॅटलॉग फिरत होता. त्याने मान खाली का घातली, हे मी विचारलं नाही.

मग इंजिन उतरवलं आणि मिस्त्रीला घेऊन खोललं. खालचं तेलाचं चेंबर उघडलं तर आत तेल काकवीसारखं घट्ट झालेलं, पण माप पूर्ण. ह्याने काही सिद्ध होत नव्हतं, नंतर ओतलं असं म्हणणाऱ्याला ते म्हणता येत होतंच. वर हेडच्या झाकणाखाली बघितलं. तिथले भाग स्वच्छ, तेलाने माखलेले, एक ओरखडा नाही. मी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने माझ्याकडे. इंजिन सुकं चाललं असतं तर हे आधी जळायला हवं होतं. म्हणजे तेल होतं, पंप ते वर चढवतही होता. मग खाली क्रँक काढला. क्रँक म्हणजे पिस्टनच्या उड्यांचं चाकाच्या फिरण्यात रूपांतर करणारा जाडजूड दांडा. तो ज्या बेअरिंगवर फिरतो ती जळून निळीजांभळी झालेली. इमारतीत तळमजल्याला पाणी आहे, गच्चीवर आहे आणि मधल्याच मजल्याचे नळ कोरडे, असा प्रकार.

आता ही बेअरिंग कशी असते ते सांगतो. नळी उभी चिरावी तशा दोन अर्ध्या पन्हळी. वरच्या अर्ध्याला एक भोक असतं. ब्लॉकच्या भोकातून तेल येतं, बेअरिंगच्या भोकातून क्रँकवर पडतं. भोकासमोर भोक यायला हवं. ट्रॅक्टरच्या इंजिनात आणि जनरेटरच्या ह्या इंजिनात बेअरिंगचं माप एकच, रुंदी एकच, खाचसुद्धा एकाच जागी. फक्त भोक करंगळीच्या नखाएवढं बाजूला. ह्याचं त्यात घातलं तर छान बसतं. इंजिन चालूही होतं, भोकाच्या उरलेल्या फटीतून थेंब थेंब तेल मिळतं. आणि मग एक दिवस नांगराला जोर लागला की जाम.

ह्या इंजिनात ट्रॅक्टरची बेअरिंग घातलेली होती. पांडूने तेल घातलं होतं. ते पोचायला वाटच नव्हती.

मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रीच्या पाठीत थाप मारली. सापडलं! बॉनेट बघून पार्ट देणारा कोण गाढव होता तो, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. आणि बेअरिंगचा एक तुकडा सोडवून, रॉकेलने पुसून, उलटा केला.

मागे तीन बारीक उभ्या रेघा होत्या आणि त्यांना छेदणारी एक आडवी.

ही खूण जगात एकच माणूस करायचा. तेव्हा लोक दुसरीकडून पार्ट घ्यायचे, तो चुकायचा, आणि परत करायला आमच्याकडे यायचे, तुमच्याकडूनच नेला म्हणून. त्याच्यावर मी उपाय काढला होता. काउंटरवरून जाणाऱ्या प्रत्येक पार्टवर, गिऱ्हाईक पिशवी उघडत असताना, टोच्याने चार रेघा मारायच्या. कोणाला सांगायचं नाही. खोटं बोलणाऱ्याला ती खूण नाही म्हणून दाखवायची आणि चारचौघांत त्याची चांगली जिरवायची. किती जणांची जिरवली असेल मी!

मी तो तुकडा कागदात गुंडाळून खिशात घातला. मिस्त्री विचारत होता, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पित्त.

आणि मग ते आठवलं. सगळं नाही, एवढंच. ट्रॅक्टर जाम झाल्यावर नारायणशेठ काउंटरवर आले होते. त्यांनी सरळ विचारलं, "दत्ता, बेअरिंग बरोबर दिलं होतंस ना?" दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. मी तिशीचा, डोकं हवेत. म्हटलं, "शेठ, माझ्या काउंटरवरून चुकीचा पार्ट जात नाही. सुकं चालवलं असेल तुमच्या पांडूनं. सुका बोंबील ऐकला होता, आता सुका पांडू!" सगळे हसले. शेठही हसले. त्यांनी इंजिन खोलायला लावलं नाही, नवा ट्रॅक्टर घेतला, आणि माझी मस्करी त्यांच्याच जीपमधून दिघाशीला गेली. पुढे मी ती काही दिवस काउंटरवर सांगितली आणि विसरून गेलो. ती त्या माणसाच्या नावाला चिकटली आहे, हे मला त्या पडवीत हर्षलने ओळख करून देईपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि तेव्हाही, नाव ऐकूनही, ते कोणी ठेवलं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी हसलो होतो.

पुढचे तीन दिवस मी स्वतःची वकिली केली. बसवणाऱ्या मिस्त्रीने भोक बघायला नको होतं का? बघायला हवंच होतं. पण तो बिचारा वारला, त्याला आता कोण विचारणार. शेठनी इंजिन बदललं ते मला सांगायला नको होतं का? असं बरंच. शेवटी बायकोनेच विचारलं, जेवण का उतरत नाही म्हणून. सगळं सांगितलं. तिने पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "लोकांचं चुकलं की काउंटरवर उभं करून बोलता. आता तुमची पाळी. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे तिलाच जमतं.

मी आधी पार्टच्या मागे लागलो, तेवढंच तोंड लपवायला. हिरव्या इंजिनाची बेअरिंग बाजारात मिळणं शक्य नव्हतं. म्हणून भंगारवाल्या इस्माईलभाईंकडे गेलो. आमची दोस्ती जुनी, बंद पडलेल्या लूमचा निम्मा सांगाडा ह्यांच्याच गोदामात येऊन पडतो. मी कागदावरचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हसले.

"दत्ताभाई, ये हरावाला? ये तो एक जमाने में गली-गली में था. लाईट जाती थी तो पूरा मोहल्ला इसी की आवाज में सोता था. चलो, देखते हैं."

दोन तास आम्ही ढिगाऱ्यात फिरलो. ते मला वाटेत ओळखी करून देत होते, हा पंप कुठला, हा गिअरबॉक्स कोणाचा, कोणाच्या भावाने कोणाला फसवून विकलेला. मागच्या भिंतीशी तीन हिरवी इंजिनं सापडली. दोन फुटकी, एक जाम पण आतून धड. त्याचा क्रँक निघाला, आणि देवाची कृपा म्हणजे त्यांच्या माळ्यावर तेलकट कागदात गुंडाळलेला बेअरिंगचा कोरा जोड. मी प्रत्येक तुकडा तिथल्याच हिरव्या ब्लॉकला लावून, भोकातून उजेडाकडे बघून घेतला. इस्माईलभाई म्हणाले, "आप तो पहले बस नाम सुनके बता देते थे!" मी म्हटलं, "भाई, वही तो गडबड हो गई."

ते घेऊन मी घरी न जाता वळ गावी गेलो. गोदामाच्या गेटवर पांडू खुर्चीत बसला होता, मांडीवर वही, बाहेर कंटेनर मागे घ्यायची शिट्टी वाजत होती. मी कागद उलगडून ते जळकं बेअरिंग त्याच्या हातात दिलं. भोक दाखवलं. मग उलटं करून रेघा दाखवल्या. म्हटलं, "पांडूदादा, तू तेल घातलं होतंस. चुकीचं बेअरिंग गेलं. ते मी दिलं."

त्याने ते उलटसुलट केलं. म्हणाला, "नमुना आनला व्हता मी."

"काय?"

"जुनं बेअरिंग. फडक्यात बांधून. तुमाला बोललो, शेठ, ह्यात इंजिन दुसरं हाय, ह्ये बघा. तुमी बोललात, ठेव ते खाली, मला तोंडपाठ आहे. गर्दी व्हती. लगीनसराई."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही, आणि हेच जास्त लागतं. त्याला माझा शब्द न् शब्द पाठ आणि माझ्याकडे त्या दिवसाची साधी सावलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुला पहिल्यापासून संशय होता. मग इंजिन बघायला मलाच का सांगितलंस?"

"तुमच्यासारकं इंजिन हितं दुसऱ्या कुनाला कळतं?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. मी हात जोडले. चुकलो म्हटलं. त्याने ते हात खाली केले आणि बेअरिंग परत माझ्या तळहातावर ठेवलं.

"मला सांगून काय व्हनार, शेठ? मला ठावच व्हतं. ज्यांना ठाव न्हाय त्यांना सांगा."

दसऱ्याला दिघाशीत पाटलांच्या अंगणात अर्धा गाव जमला होता. ट्रॅक्टर धुतलेला, झेंडूच्या माळा, बॉनेटला नवा निळा रंग. इंजिनाला मात्र मी ह्या वेळी चंदेरी लावू दिला नाही, हिरवं ते हिरवंच ठेवलं. पांडू घरचा धुतलेला सदरा घालून आला होता, आणि त्याने खांद्याला धरून आईला आणलं. तिला ट्रॅक्टरजवळ खुर्ची दिली. मी बोलायचं मनात जुळवत होतो तेवढ्यात हर्षलला दम निघेना, त्याने नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. दोन उसासे टाकून इंजिन धडधडायला लागलं. माणसं ओरडली, पोरांनी टाळ्या पिटल्या. खरं सांगतो, मलाही रडू आलं, तो आवाज तसाच होता.

मी पुढे होऊन म्हणालो, "मला एक सांगायचं आहे." कोणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. हर्षल हसून मान डोलावत होता, त्याला वाटलं मी इंजिनाचं कौतुक करतोय. तेव्हा पांडू ट्रॅक्टरजवळ गेला. किती वर्षांनी त्याचा हात त्या लोखंडाला लागला असेल! त्याने न बघता बरोबर जागी हात घातला, स्टॉपचा दांडा ओढला आणि इंजिन बंद केलं.

"आता बोला," तो म्हणाला.

मी बोललो. ट्रॅक्टर सुका चालला नव्हता, चुकीचं बेअरिंग मी दिलं होतं, पांडूने नमुना आणला होता, मी बघितला नाही, आणि ते नाव मी ठेवलं. हर्षलची मान खाली गेली. मला वाटलं, झालं एकदाचं. पण पांडू म्हणाला, "आयला ऐकू येत न्हाय. मोठ्यानं सांगा."

मी तिच्या खुर्चीजवळ वाकून पुन्हा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "काय बोलतोय ह्यो?"

"मोठ्यानं," पांडू म्हणाला.

मग मी ओरडलो. आयुष्यभर गिऱ्हाइकांवर ओरडलो होतो तसा, छाती फुटेपर्यंत, सगळ्या दिघाशीला ऐकू जाईल असा. "आजी! पांडूनं तेल घातलं होतं! चूक माझी होती! इंजिन पांडूनं जाळलं नाही, मी जाळलं!"

आता तिला ऐकू गेलं. तिने आधी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात पुढे करून माझं मनगट धरलं, मी कोण ते नीट बघून घेतलं आणि विचारलं, "मंग येवढी वर्सं कुटं व्हतास?"

उत्तर एकच होतं. खरं तेच दिलं.

"इथेच होतो आजी," मी ओरडून सांगितलं. "भिवंडीत. दुकानात."